करमणूक उद्यान व्यवस्थापन खेळ

करमणूक उद्यान व्यवस्थापन खेळ : संगणकावरील व्यवस्थापन-खेळांचा एक प्रकार. मोकळी जमीन आणि बेताचे भांडवल, तेही बहुधा कर्जाचे, हाती घेऊन पाळणे, रोलरकोस्टर, खाण्याचे ठेले व पायवाटा मांडायच्या, तिकिटांचे दर ठरवायचे आणि बाग नफ्यात चालवायची, असे याचे स्वरूप. खेळणाऱ्याने पाळणेवाल्याच्या जागी उभे राहायचे असते.

बुलफ्रॉग या ब्रिटिश कंपनीच्या ‘थीम पार्क’ने (१९९४) हा प्रकार रुळवला. त्यात बटाट्याच्या फ्राइजमध्ये मीठ वाढवले की शीतपेयांचा खप वाढत असे. स्कॉटिश प्रोग्रॅमर ख्रिस सॉयर यांचा ‘रोलरकोस्टर टायकून’ १९९९ मध्ये आला. त्याचे प्रोग्रॅमिंग त्यांनी जवळजवळ सर्वस्वी असेंब्ली भाषेत, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या आज्ञांना अगदी जवळ असलेल्या व म्हणून वेगवान चालणाऱ्या भाषेत, केले. त्यामुळे त्या काळच्या साध्या संगणकावरही शेकडो माणसे एकाच वेळी बागेत हिंडताना दिसत.

ही माणसेच खेळाचा जीव आहेत. प्रत्येकाच्या खिशात ठरावीक पैसे असतात. प्रत्येकाला वेगवेगळी भूक, तहान आणि मळमळ लागते. एखाद्यावर क्लिक केले की त्याच्या मनात काय चालले आहे तेही वाचता येते. प्रत्येक राइडला थरार, तीव्रता आणि मळमळ असे तीन आकडे मिळतात. तीव्रता फार झाली तर रोलरकोस्टर कितीही देखणा असला तरी कोणी त्याच्या रांगेत उभे राहत नाही. राइडच्या बाहेर पडणाऱ्या वाटेवर उलट्या होतात, झाडूवाला कमी पडला की कचरा साचतो, मेकॅनिक वेळेवर पोचला नाही की राइड बंद पडून राहते. पाऊस आला की छत्रीचा भाव वाढवता येतो. नवखा खेळाडू सगळे पैसे मोठ्या रोलरकोस्टरवर घालतो आणि स्वच्छतागृह विसरतो. बाग बुडते ती तिथे.

नवरात्रात पुण्यात चतुःशृंगीची जत्रा पाहिलेल्याला हे गणित परके वाटत नाही. आकाशपाळणा कुठे, भेळ कुठे, टेकडीवरच्या देवळाकडे जाणारी आणि खाली येणारी गर्दी एकमेकींत अडकू नये म्हणून काय करायचे, हेच प्रश्न तिथेही असतात. खेळातली छोटी आगगाडी पाहून पेशवे पार्कातली १९५६ मध्ये सुरू झालेली ‘फुलराणी’ आठवते. मोठे रोलरकोस्टर मात्र पुणेकरांना २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका हे करमणूक उद्यान उघडल्यावरच आवाक्यात आले; त्याआधी अनेकांनी ते पडद्यावर बांधले होते. ‘रोलरकोस्टर टायकून’मधले वर्ष मार्च ते ऑक्टोबर एवढेच असते. मे महिन्याची सुट्टी त्यात बसते, दिवाळीची बहुधा बाहेरच राहते.

तिसरा ‘रोलरकोस्टर टायकून’ (२००४) त्रिमितीय झाला. तो फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने केला, आणि त्याच कंपनीच्या ‘प्लॅनेट कोस्टर’मध्ये (२०१६) सजावटीला अपार वाव आहे, हिशेबाची कसोटी मात्र सैल वाटते. ‘पार्किटेक्ट’ने (२०१८) ती पुन्हा घट्ट केली. तिथे ठेल्यांवरचा माल गोदामातून वाहून न्यावा लागतो आणि ही मालवाहतूक पाहुण्यांच्या नजरेआड ठेवावी लागते. सॉयर यांचा दुसरा ‘रोलरकोस्टर टायकून’ (२००२) ‘ओपनआरसीटी२’ या मुक्त स्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रकल्पामुळे आजच्या संगणकांवरही चालतो. त्यासाठी मूळ खेळाच्या फाइली जवळ असाव्या लागतात.