सस्पेन्शनचे भाग बदलल्यानंतरचे चाकांचे अलाइनमेंट

मोटारीची चाके एकमेकांशी, गाडीच्या मध्यरेषेशी आणि रस्त्याशी जे कोन करतात ते मोजून उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेत आणणे म्हणजे चाकांचे अलाइनमेंट. सस्पेन्शनचा, म्हणजे चाके गाडीला जोडून धक्के झेलणाऱ्या रचनेचा, भाग बदलल्यावर ते नव्याने करावे लागते, कारण जुने अलाइनमेंट झिजलेल्या भागांना धरून जुळवलेले असते. बुश (जोडणीतील रबरी तुकडा) ढिला पडून चाक जितके सरकले, तितके टाय रॉड (स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) फिरवून भरून काढलेले असते. नवा भाग चाकाला मूळ जागी आणतो आणि ती भरपाईच चूक ठरते. चांगले भाग बसवूनही गाडी आधीपेक्षा वाईट चालते, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथेच असते.

स्टेअरिंगच्या जाणिवेत तीन कोनांचा वाटा असतो. टो म्हणजे वरून पाहिल्यास चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असणे. पुढच्या चाकांचा टो बाहेर गेला की सरळ रस्त्यावरही गाडी भिरभिरते. दोन्ही टाय रॉड असमान जुळवले गेले तर गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंग वाकडे राहते. कॅम्बर म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल; दोन चाकांत तो वेगळा असेल तर ज्या बाजूचे चाक वरून अधिक बाहेर झुकलेले असते, त्या बाजूला गाडी ओढते. हाताला खरी जाणीव देतो तो मात्र कॅस्टर. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो मागे कललेला असल्याने त्याची रेषा टायर टेकतो त्या जागेच्या पुढे जमिनीला मिळते, आणि वळणानंतर चाक आपोआप सरळ होऊ पाहते. सायकलच्या चिमट्याचा कलही हेच काम करतो. कॅस्टर कमी झाला तर स्टेअरिंग हलके व निर्जीव लागते आणि वळणावरून नीट परतत नाही.

लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) बदलल्यास बॉल जॉइंटची (आर्मच्या टोकाच्या गोलाकार सांध्याची) जागा हलून तिन्ही कोन बदलू शकतात, तर स्टॅबिलायझरचा (वळणावर गाडीचा झोक कमी करणाऱ्या दांड्याचा) लिंक रॉड बदलल्याने कोणताच बदलत नाही. पुढे स्ट्रट (स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा भाग) असलेल्या अनेक लहान गाड्यांत फक्त टो जुळवता येतो. अशा गाडीचा कॅस्टर चुकला असेल तर वारंवार टो फिरवण्यात अर्थ नसतो. वाकलेला आर्म किंवा सरकलेली सबफ्रेमच (आर्म ज्यावर बसतात ती चौकट) शोधावी लागते. म्हणून मोजणी यंत्राच्या पडद्यावर टोचा आकडा हिरवा झाला एवढ्यावर गाडी ताब्यात न घेता छापील अहवालातील डाव्या-उजव्या कॅस्टरचे आकडेही पाहावेत.

काही दोष अलाइनमेंटचे भासतात, पण नसतात. आर्मचे बोल्ट चाक अधांतरी असताना आवळले तर गाडी खाली उतरल्यावर बुशचे रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. शेवटची आवळणी गाडीचे वजन चाकांवर असतानाच करावी. स्ट्रटच्या माथ्यावरचे बेअरिंग जाम असेल तर अचूक अलाइनमेंटनंतरही स्टेअरिंग मध्यावर येत नाही. नव्या स्प्रिंगा वापराने थोड्या दबतात, त्यामुळे काही शे किलोमीटरनंतर पुन्हा मोजणी करणे योग्य. इलेक्ट्रॉनिक स्थिरता प्रणाली (घसरू लागलेली गाडी सावरणारी) असलेल्या गाड्यांत स्टेअरिंग-कोन संवेदकाचा शून्यबिंदूही तपासावा लागतो.

मराठवाड्यात या कामाला वेगळे महत्त्व आहे. येथील पुष्कळ रस्ते काळ्या मातीवरून जातात. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे डांबर लाटांसारखे उठते आणि कडा खचतात. बीड, लातूर, धाराशिवकडे गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना वाट देताना एका बाजूची चाके त्या खचलेल्या कडेवर उतरतात आणि धक्का नेमका बुश व बॉल जॉइंटवर बसतो. गावच्या रस्त्यावर ४० च्या वेगात न जाणवणारा दोष जालना किंवा छत्रपती संभाजीनगरजवळ समृद्धी महामार्गावर चढल्यावर स्पष्ट होतो, कारण तेथे मोटारींना ताशी १२० किमीपर्यंत मुभा आहे.

चाचणीआधी चारही टायरांत उत्पादकाने सांगितलेल्या दाबाने हवा भरावी. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे डावीकडची किंचित ओढ दोष मानू नये. सपाट रस्त्यावर पुन्हा पाहावे. तेथेही ओढ राहिली तर पुढचे टायर, दिशाबद्ध (एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले) नसल्यास, डावे-उजवे बदलून पाहावेत. ओढीची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये असतो.