संज्ञापन संशोधनातील बिग डेटा (संदर्भ : इंदूर)

समाजमाध्यमे, बातम्यांची संकेतस्थळे, सर्च इंजिने आणि मोबाइल अ‍ॅप यांच्या रोजच्या वापरातून आपोआप साठत जाणाऱ्या प्रचंड नोंदींच्या आधारे संवादव्यवहाराचा अभ्यास करण्याची पद्धत. पूर्वी संशोधक प्रश्नावली घेऊन दारोदार फिरे किंवा वृत्तपत्रांची कात्रणे लावून स्तंभ-सेंटिमीटर मोजत बसे. इथे नोंद आधीच झालेली असते, संशोधक मागाहून येतो. अशा माहितीची आकारमान, वेग आणि वैविध्य ही तीन लक्षणे अमेरिकी विश्लेषक डग लेनी यांनी २००१ मध्ये सांगितली.

या पद्धतीची ताकद २०१८ च्या एका अभ्यासात चांगली दिसते. सोरूश वोसुगी, देब रॉय आणि सिनान अराल यांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर सुमारे ३० लाख लोकांनी पसरवलेल्या सव्वा लाखाहून अधिक बातमी-साखळ्या (एकाकडून दुसऱ्याकडे पसरत गेलेल्या बातम्या) तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. दोष यंत्रखात्यांवर, म्हणजे माणसाऐवजी संगणकप्रणाली चालवते अशा खात्यांवर (बॉट), ढकलण्याची सोय मात्र राहिली नाही : ती खरे आणि खोटे सारख्याच वेगाने पसरवत होती, फरक माणसे पाडत होती. नमुना-पाहणीतून हे इतक्या बारकाईने कळणे अवघड होते.

पण माहिती पुष्कळ आहे म्हणून ती सर्वांची आहे, असे होत नाही. हा धडा संगणकाच्याही आधीचा आहे. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा करून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असे सांगितले. निवडून आले रूझवेल्ट. सर्चवरून फ्लूच्या साथीचा अंदाज बांधणारी गूगलची सेवा २००८ मध्ये सुरू झाली, २०१२-१३ च्या हंगामात तिचे आकडे फार फुगले आणि २०१५ मध्ये ती बंद झाली.

इंदूरच्या मराठी समाजाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला हीच अडचण वेगळ्या रूपात भेटते. होळकरांच्या काळापासून इथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे घरात मराठी, बाजारात हिंदी आणि मोबाइलवर दोन्हींची मिसळ वापरतात. हिंदी आणि मराठीची लिपी एकच असल्याने भाषा ओळखणारी प्रणाली ‘आहे’, ‘मध्ये’, ‘नाही’ अशा खुणांवर विसंबते. मजकूर तीन-चार शब्दांचा असला की खुणाच सापडत नाहीत. रंगपंचमीच्या गेरवर, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीवर, एखादा पोरगा ‘भिया, गेर जाम भारी’ असे लिहितो. मराठी माणसाला यातला आनंद लगेच कळतो. हिंदी मजकुरावर शिकवलेली भावना-विश्लेषण प्रणाली मात्र हे वाक्य वाहतूककोंडीच्या तक्रारीत टाकू शकते. राजवाड्याच्या परिसरात त्या दिवशी कोंडी खरोखरच असते, त्यामुळे आकडे तपासणाऱ्यालाही संशय येत नाही. ‘ळ’ अक्षरावरून मराठी ओळखण्याची युक्ती एरवी बऱ्यापैकी चालते, पण माळवी या इथल्या बोलीतही तो उच्चार आहे. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीचा गोंधळ तर विचारूच नये. एकाच शब्दाची चार स्पेलिंगे एकाच माणसाकडून येतात.

परिणामी इंदुरी मराठी मजकूर मोठ्या संचात हिंदी म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो आणि ‘मराठी’ या गटात पुणे-मुंबईचेच पारडे जड होते. यावर उपाय जुनाच आहे : काहीशे मजकूर हाती घेऊन, गावची बोली जाणणाऱ्या दोघा-तिघांनी ते स्वतंत्रपणे वाचून वर्गवारी करायची, त्यांचे किती जुळते ते पाहायचे आणि मगच प्रणालीला कामाला लावायचे. हे काम कंटाळवाणे आहे, आणि घाईत नेमके तेच गाळले जाते.

दुसरी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपची. गणेशोत्सवाची वर्गणी, नाटकाच्या तारखा, लग्नाची स्थळे हा सगळा संवाद खासगी गटांत चालतो. २०१६ पासून तिथले संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद असल्याने ते बाहेरून गोळा करता येत नाहीत. सदस्यांनी राजीखुशीने आपला मजकूर देणे, ज्याला डेटादान म्हणतात, हाच सरळ मार्ग उरतो. उघड माध्यमांची दारेही अरुंद झाली आहेत : ट्विटरने २०२३ मध्ये माहिती मिळवण्याची मोफत सोय काढून घेतली आणि फेसबुकवरील मजकुराचा माग काढणारे ‘क्राउडटँगल’ ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाले.

संमतीचा प्रश्न २०१४ मध्ये गाजला. फेसबुकने ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या नकळत त्यांना दिसणाऱ्या मजकुरातील भावनिक सूर बदलून पाहिल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे. मात्र त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेता येत नाही आणि ठरवून दिलेले निकष पाळावे लागतात. लहान समाजात नाव पुसून भागत नाही. ‘रामबागेत राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, हौशी नाटकात काम करणाऱ्या बाई’ एवढे वर्णन छापले, तरी इंदूरच्या मराठी घरांत त्या कोण हे ओळखले जाऊ शकते. म्हणून वस्ती, वय आणि व्यवसाय यांपैकी निदान एक तपशील मोघम ठेवावा लागतो आणि मूळ वाक्य जसेच्या तसे उद्धृत न करता त्याचा आशय द्यावा लागतो, कारण उघड माध्यमावरचे वाक्य सर्चमध्ये टाकले की लिहिणारा सापडतो.