स्लो जेट आधी का तुंबतो?

एप्रिल 2020 मध्ये वाहनांच्या धुराचे बीएस-6 नियम लागू झाले आणि इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर नव्या मोटारसायकलींमधून जवळजवळ हद्दपार झाला. जुन्या स्प्लेंडर, बुलेट आणि जिवापाड जपलेल्या आरएक्स 100 मात्र अजून त्याच्याच जिवावर धावतात. अशी गाडी दोन महिने उभी राहिली की तक्रार ठरलेली असते: चोक दिला तरच चालू होते, चोक काढला की बंद पडते, आणि रेस देऊन पळवली तर बऱ्यापैकी पळते.

निदान या तक्रारीतच आहे. इंजिन हवा ओढतं, कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा वेग वाढतो, तिथला दाब उतरतो आणि खालच्या फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतलं पेट्रोल जेट नावाच्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून वर चढतं. गाडी आयडलला, म्हणजे रेस न देता नुसती चालू असताना हे काम स्लो जेट करतो. रेस अर्ध्यावर आली की कार्ब्युरेटरमधल्या, रेससोबत वर-खाली होणाऱ्या सुईची पाळी, आणि मूठ पूर्ण पिळली की मेन जेटची. म्हणून आयडलला बंद पडणारी गाडी स्लो जेटकडे बोट दाखवते, आणि वरच्या रेसला मिसिंग मारणारी मेन जेटकडे. दुसऱ्या प्रकारात गाडी दामटू नये. पेट्रोल कमी पडलं की इंजिन जास्त तापतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन सीझ व्हायला, म्हणजे जाम व्हायला वेळ लागत नाही.

स्लो जेटचं भोक मेन जेटपेक्षा बारीक, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असतं, म्हणून आधी तोच तुंबतो. 0.40 मिलिमीटरचं भोक थर साचून 0.36 झालं, तर व्यास फक्त 10 टक्क्यांनी घटतो; पण पेट्रोल वाहतं क्षेत्रफळातून, आणि ते 19 टक्क्यांनी घटतं. उजेडाकडे धरून 'आरपार दिसतंय की' म्हणणं इथेच फसतं.

हा थर बहुतेक वेळा बाहेरची धूळ नसतो. फ्लोट चेंबरला हवेची वाट असते, त्यामुळे त्यातल्या थोड्याशा पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात. उरलेल्या जड घटकांचं ऑक्सिडीकरण होऊन चिकट, पिवळट-तपकिरी डिंक बनतो. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा शोषतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, म्हणजे नेमके जेटच्या तोंडाशी. पितळेवर मग हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते.

साफसफाई मोकळ्या हवेत करावी, विडी-सिगारेट लांब. आयडलचं मिश्रण ठरवणारा हवेचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण बसेपर्यंत किती फेरे आत जातो ते मोजून लिहून ठेवा, नाहीतर ट्युनिंगचा नवा घोळ होतो. रबरी ओ-रिंगा आधी काढाव्यात, क्लिनरच्या फवाऱ्याने त्या फुगतात. जेट क्लिनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने उडवावा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण फवारा कुठल्याही भोकातून उलटा येतो. शिवायची सुई किंवा स्टीलची तार घालण्याचा मोह मात्र आवरा. पितळ मऊ असतं. भोक कायमचं मोठं झालं की गाडी जास्त पेट्रोल पिते आणि प्लग काळा पडत राहतो. फारच हट्टी थर असेल तर वायरमधला तांब्याचा एक बारीक तंतू चालतो.

आठवड्याभरात तीच तक्रार परत आली तर कार्ब्युरेटर पुन्हा खोलण्याआधी टाकीत डोकवा. आत गंज असेल तर पेट्रोल कॉकची जाळी साफ करून आणि फिल्टर बदलूनही फार दिवस निभत नाही. टाकीच धुवून घ्यावी लागते. गाडी लांबच्या मुदतीसाठी उभी करायची असेल, तर पेट्रोल कॉक बंद करून फ्लोट चेंबरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि आतलं पेट्रोल काढून टाका. याला दोन मिनिटं लागतात.