मार्टिन कार्प्लस आणि हलणारी प्रोटीन्स: मागची गोष्ट

आजकाल प्रोटीनचा विषय निघाला की लोक थेट अल्फाफोल्डवर, म्हणजे प्रोटीनचा आकार ओळखणाऱ्या एआय प्रोग्रॅमवर येतात, आणि त्यात चूक काही नाही, २०२४ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलचा अर्धा वाटा त्याच कामाला मिळाला. पण अल्फाफोल्ड सांगतं ते प्रोटीनचा आकार. ते प्रोटीन शरीरात हलतं कसं, वळतं कसं, उघडतं-मिटतं कसं हा प्रश्न वेगळा, आणि तो कॉम्प्युटरवर सोडवायचा नाद ज्यांनी लावला त्यातलं मोठं नाव म्हणजे मार्टिन कार्प्लस. नोबेलचा तो समारंभ होऊन जेमतेम तीन आठवडे झाले असतील नसतील, २८ डिसेंबर २०२४ ला ते गेले, वय ९४.

जन्म १९३० चा, व्हिएन्नातलं ज्यू घराणं, आजोबा तिथल्या विद्यापीठात प्रोफेसर. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतला आणि काही दिवसांतच आई दोन्ही मुलांना घेऊन स्वित्झर्लंडला निघाली, वडील मात्र व्हिएन्नात कैदेत अडकले. पुढे सगळे फ्रान्समध्ये भेटले आणि बोटीने अमेरिकेला, बॉस्टनच्या भागात येऊन राहिले. तिथे थोरल्या भावाला केमिस्ट्री सेट मिळाला तेव्हा मार्टिनलाही तोच हवा होता, घरच्यांनी विचार केला की एका घरात दोन पोरं स्फोट करायला नकोत, म्हणून याला मायक्रोस्कोप दिला. त्यातून पाण्यातले सूक्ष्म जीव, मग पक्षी, आणि पक्ष्यांवरच्याच प्रोजेक्टवर शाळेत असताना देशपातळीवरची सायन्सची स्पर्धासुद्धा जिंकली. म्हणजे या माणसाची सुरुवात बायोलॉजीची, हे लक्षात ठेवा, कारण पुढची वीसेक वर्षं त्याने जवळजवळ निव्वळ केमिस्ट्री केली.

ते कसं झालं त्याचा किस्सा भारी आहे. हार्वर्डला असताना जॉर्ज वाल्ड यांच्याकडे डोळा प्रकाश कसा ओळखतो हा विषय ऐकला, त्यातला रेटिनल नावाचा, डोळ्यात प्रकाश टिपणारा रेणू डोक्यात बसला, आणि पीएचडीला कॅलटेकला गेल्यावर मॅक्स डेलब्रुक यांच्या बायोलॉजीच्या ग्रुपमध्ये नजरेच्या थिअरीवरच सेमिनार द्यायला उभे राहिले. डेलब्रुक दर दोन मिनिटांनी अडवायचे, मला काही कळत नाहीये म्हणून. समोर रिचर्ड फाइनमन बसले होते, ते शेवटी म्हणाले की मला तर सगळं स्वच्छ कळतंय. डेलब्रुक लालबुंद होऊन बाहेर गेले, आणि या पोराचं बायोलॉजीतलं करिअर तिथेच संपलं! मग कर्कवुड यांच्याकडे केमिस्ट्रीत, ते येलला निघून गेले तेव्हा लायनस पॉलिंग यांच्याकडे. पॉलिंग एक दिवस म्हणाले मी तीन आठवड्यांनी लांबच्या दौऱ्यावर निघतोय, त्याआधी थीसिस झाला तर बरं, आणि तेवढ्या दिवसांत थीसिस लिहून काढला, १९५३ मध्ये. आपल्याकडच्या पीएचडी करणाऱ्यांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नये.

पुढची दोन वर्षं ऑक्सफर्डला, तिथून इलिनॉय. इलिनॉयमध्ये एनएमआरवर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंकडून येणारे सिग्नल मोजायच्या तंत्रावर, जे गणित केलं ते १९५९ चं कार्प्लस समीकरण, शेजारशेजारच्या कार्बनवरच्या दोन हायड्रोजनच्या सिग्नलवरून त्यांच्यामधला कोन काढायचा. एमएस्सी ऑरगॅनिकच्या पोरांना हे नाव नोबेलमुळे नाही तर परीक्षेमुळे माहीत असतं. लोक ते इतकं वापरायला लागले की १९६३ मध्ये त्यांनाच लिहावं लागलं, बाबांनो, यावरून एक-दोन डिग्रीपर्यंत अचूक कोन काढायला जाल तर तुमच्या जबाबदारीवर. मग कोलंबिया, तिथे मोठे कॉम्प्युटर हाताशी आले, आणि १९६५ मध्ये पोर्टर आणि शर्मा यांच्यासोबत हायड्रोजनचा अणू हायड्रोजनच्या रेणूवर आदळतो ती रिअ‍ॅक्शन न्यूटनचे नियम वापरून मार्गासकट मोजून दाखवली. तीनच अणू, पण पुढे जे होणार होतं ते बीजरूपाने याच्यात आहे: अणूंवर बळ किती ते काढा, थोडं पुढे सरकवा, परत काढा.

हीच युक्ती दुसरीकडे दुसरी माणसं करत होती आणि त्यातला एक आपला हैदराबादचा, अनीसुर रहमान. १९६४ मध्ये शिकागोजवळच्या आरगॉन (Argonne) लॅबमध्ये त्यांनी ८६४ अणूंचा द्रवरूप आरगॉन (argon वायू, लॅबच्या नावाशी संबंध नाही) कॉम्प्युटरवर हलवून दाखवला, १९७१ मध्ये स्टिलिंजरबरोबर पाणी. प्रोटीनचं म्हणाल तर मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये प्रोटीनच्या अमिनो आम्लांच्या साखळीला कुठले कोन परवडतात आणि कुठले नाहीत याचा नकाशा काढला होता, तिकडे इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये श्नेऑर लिफसन यांचा ग्रुप अणूंमधल्या बाँडला स्प्रिंग समजून रेणूची एनर्जी काढायचे प्रोग्रॅम लिहीत होता. कार्प्लस १९६६ मध्ये हार्वर्डला प्रोफेसर झाले आणि त्यानंतर काही वर्षांनी सुट्टी घेऊन मुद्दाम लिफसनकडे जाऊन बसले, कारण आता त्यांना बायोलॉजीत परत यायचं होतं. तिथलाच एरिया वॉर्शेल १९७० मध्ये पोस्टडॉकसाठी हार्वर्डला आला. रेटिनलचं जुनं वेडही सुटलं नव्हतं, बॅरी होनिगबरोबर १९७१ मध्ये त्याचा आकार नेमका कुठे पिळलेला असणार ते गणिताने सांगितलं आणि नंतर क्रिस्टलमध्ये ते बरोबर निघालं.

आता मुख्य भाग. त्या काळात प्रोटीन म्हणजे त्याच्या क्रिस्टलवर एक्स-रे टाकून दिसलेला एक ठाम आकार, लॅबमध्ये पितळी काड्यांची मॉडेल्स उभी असायची आणि विचारही त्या काड्यांसारखाच ताठ. पण मायोग्लोबिन बघा. स्नायूंमध्ये ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रोटीन, ऑक्सिजन बसतो आत खोल, आणि एक्स-रेच्या आकारात बाहेरून तिथपर्यंत जायला ऑक्सिजन मावेल अशी वाटच नाही! म्हणजे प्रोटीन श्वास घेतल्यासारखं हललं, मधल्या साखळ्या बाजूला झाल्या, तरच काम होणार. न हलणारं मायोग्लोबिन कुचकामी. १९७९ मध्ये डेव्हिड केस आणि कार्प्लस यांनी ही हालचाल मोजली, पण त्याच्या आधीची पायरी १९७७ ची.

कार्प्लस स्वतः सांगायचे की केमिस्ट्रीवाले म्हणाले एवढ्या मोठ्या रेणूचं हे होणं शक्य नाही आणि बायोलॉजीवाले म्हणाले झालं तरी वेळ फुकट. कॉम्प्युटरचा वेळ मिळायची बोंब होती. १९७६ मध्ये पॅरिसजवळ ऑर्से इथे सीकॅम या अणू-रेणूंची गणितं कॉम्प्युटरवर करणाऱ्यांच्या युरोपियन केंद्राची दोन महिन्यांची वर्कशॉप होती, तिथे मोठं मशीन होतं, आणि तिथे अँडी मॅककॅमन, ब्रूस गेलिन आणि कार्प्लस यांचं काम मार्गी लागलं. निवडलं बीपीटीआय, गाईच्या शरीरातलं, ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला रोखणारं ५८ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रोटीन, छोटं आणि एक्स-रेने नीट माहीत असलेलं म्हणून. हायड्रोजन वेगळे धरले नाहीत, भोवती पाणी नाही, प्रोटीन चक्क निर्वात पोकळीत ठेवलेलं. आणि चाललं किती वेळ? साधारण ९ पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या नऊपट. एवढ्याशा वेळातसुद्धा दिसलं की आतला भाग घट्ट दगडासारखा नाहीच, द्रवासारखा सळसळतोय. १९७७ मध्ये ते ‘नेचर’मध्ये आलं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या करिअरमधलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच, नोबेल मात्र या नावाखाली आलं नाही.

२०१३ चं नोबेल कार्प्लस, मायकेल लेविट आणि वॉर्शेल यांना मिळालं ते मल्टिस्केल मॉडेलसाठी, म्हणजे जिथे बाँड तुटतात-जुळतात तेवढ्याच भागाला इलेक्ट्रॉनचा हिशोब धरणारं अवघड क्वांटम गणित आणि बाकी सगळ्याला स्प्रिंगवालं साधं गणित. त्यातला १९७६ चा लायसोझाइम एन्झाइमवरचा गाजलेला पेपर वॉर्शेल आणि लेविट यांचा, त्याआधीचा १९७२ चा वॉर्शेल आणि कार्प्लस यांचा. लिफसन तोवर हयात नव्हते, रहमानही १९८७ मध्येच गेले होते.

मधल्या काळात हार्वर्डमध्ये या कामासाठी लिहिलेले प्रोग्रॅम एकत्र करून चार्म (CHARMM) हे सॉफ्टवेअर पॅकेज झालं, १९८३ च्या त्या पेपरवर ब्रुक्स, ब्रुकोलेरी वगैरे मंडळींबरोबर एस. स्वामीनाथन हेही नाव आहे. १९८७ मध्ये अ‍ॅक्सेल ब्रुंगर आणि जॉन कुरियन यांच्यासोबत तेच तंत्र उलटं वापरलं: हालचाल बघायला नाही तर एक्स-रेच्या डेटात आकार नीट बसवायला, प्रोटीन कॉम्प्युटरमध्ये तापवायचं आणि हळूहळू थंड करायचं. क्रिस्टलवाल्यांचं बरंच हाताने करायचं काम त्यामुळे वाचलं, आणि हे सिम्युलेशन म्हणजे नुसती कार्टून फिल्म अशी कुजबुज करणाऱ्यांना याचा उपयोग नाकारता येईना.

बीपीटीआयचं पुढे काय झालं तर १९८८ मध्ये लेविट आणि शॅरन यांनी ते पाण्यात ठेवून २१० पिकोसेकंद चालवलं, आणि २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या डी. ई. शॉ रिसर्चने फक्त याच कामासाठी बांधलेल्या अँटन मशीनवर एक पूर्ण मिलिसेकंद, म्हणजे १९७७ च्या दहा कोटी पटींहून जास्त. पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर बसलाय, तिथेही अशी कामं चालतात आणि आता साधं ग्राफिक्स कार्ड घालूनही पोरं नॅनोसेकंदांचे (एक नॅनोसेकंद म्हणजे हजार पिकोसेकंद) रन रात्रीत काढतात. अणू पुढे सरकवायची प्रत्येक पायरी मात्र तेवढीच लहान घ्यावी लागते, एक-दोन फेम्टोसेकंदांची (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग), कारण हायड्रोजनचे बाँड ज्या वेगाने थरथरतात त्याहून मोठी उडी मारली तर गणित कोलमडतं.