स्टार्टर मोटर (मोटारगाडीतील)

पेट्रोल किंवा डिझेलवरचे एंजिन आपणहून फिरू लागत नाही. पहिले स्फोट होईपर्यंत त्याचा क्रँकशाफ्ट (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) बाहेरून फिरवावा लागतो. हे काम करणाऱ्या विजेच्या मोटरला स्टार्टर मोटर म्हणतात. गॅरेजमध्ये तिचे रूढ नाव ‘सेल्फ’ असे आहे. पूर्वी हे काम हँडल मारून केले जाई आणि एंजिनाने उलटा झटका दिल्यास मनगट मोडत असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर कॅडिलॅकच्या 1912 च्या गाड्यांत प्रथम नेहमीचा भाग म्हणून बसवण्यात आला.

चावी फिरवताच थोडा प्रवाह सोलेनॉइडच्या (विद्युतचुंबकी स्विचच्या) वेटोळ्यात जातो. त्यातील दांडा आत ओढला जाऊन एका तरफेने पिनियनला (मोटरच्या लहान दातेरी चाकाला) फ्लायव्हीलच्या (क्रँकशाफ्टवरील जड चाकाच्या) दातेरी रिंगेत ढकलतो आणि शेवटी जाड तांब्याचे संपर्क जोडून बॅटरीचा मुख्य प्रवाह मोटरला देतो. लहान पेट्रोल गाडीत हा प्रवाह साधारण 100 ते 200 अँपिअर असतो, डिझेल गाडीत त्याहून बराच जास्त. एंजिन सुरू झाल्यावर त्याच्या वेगाने आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) भिरभिरून फुटू नये म्हणून पिनियनला एकाच दिशेने पकड घेणारा क्लच असतो.

बिघाड ओळखण्याचे पहिले साधन कान हेच आहे. झपाट्याने टकटक होत असेल तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. एकच ठळक ‘कट’ असा आवाज होऊन पुढे काहीच घडत नसेल तर सोलेनॉइडचे संपर्क जळालेले असतात किंवा कार्बन (आर्मेचरला प्रवाह पोचवणारे ब्रश) झिजलेले असतात. मोटर नुसतीच घरघर फिरते पण एंजिन हलत नाही, तेव्हा एकदिशा क्लच घसरत असतो. दात खरवडल्याचा कर्कश आवाज पिनियन वा रिंग खराब झाल्याचे सांगतो. बुश (आर्मेचरच्या दांड्याचे आधार) झिजले की आर्मेचर भोवतीच्या चुंबकी ध्रुवांना घासते आणि सेल्फ जड चालतो.

तरीही सेल्फ काढण्याची घाई करू नये, कारण दोष पुष्कळदा वायरीत असतो. 150 अँपिअर वाहत असताना जोडणीत शंभरांश ओहम इतका क्षुल्लक रोध निर्माण झाला तरी दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतात. पावसाळ्याच्या दमटपणाने बॅटरीच्या टोकांवर साचलेला हिरवा-पांढरा क्षार आणि एंजिनाची सैल झालेली अर्थिंग (बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणारी तार) ही याची नेहमीची कारणे आहेत. पूर्ण भारित बॅटरी स्थिर अवस्थेत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा 9.6 च्या खाली गेला तर आधी बॅटरी तपासावी. बॅटरीवर व्होल्टेज पुरेसे आहे आणि सेल्फच्या तार जोडण्याच्या खिळ्यापाशी ते बरेच कमी भरते, तर केबल दोषी ठरते. ही दोन मापे न घेता नवा सेल्फ बसवणे म्हणजे मालकाचा पैसा वाया घालवणे होय.

सेल्फचे आयुष्य किलोमीटरपेक्षा तो किती वेळा आणि किती वेळ फिरवला यावर अवलंबून असते. एका वेळी सुमारे दहा सेकंदांहून अधिक फिरवल्यास वेटोळी तापतात, म्हणून मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावे. एंजिनातून गळणारे तेल कार्बनवर जाणे, पुराच्या पाण्यात गाडी बुडणे यांनीही त्याचे नुकसान होते. सिग्नलला एंजिन आपोआप बंद करणाऱ्या गाड्यांत सेल्फ वारंवार फिरतो, म्हणून तिथे अधिक टिकाऊ बांधणीचा सेल्फ वापरतात.

बदलताना बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी, अन्यथा पान्याने थेट शॉर्ट होण्याचा धोका असतो. कार्बन, बुश आणि सोलेनॉइड स्वतंत्रपणे बदलता येतात. आर्मेचर जळाले असेल तर मात्र पूर्ण सेल्फ घेणेच योग्य. सेल्फ बाहेर असताना एंजिन हाताने फिरवून रिंगेचा संपूर्ण घेर पाहावा. चार सिलिंडरचे एंजिन बहुतेक वेळा समोरासमोरच्या दोन स्थितींतच थांबते, त्यामुळे दात त्याच दोन जागी झिजतात, आणि गिअरमध्ये गाडी थोडी पुढे-मागे ढकलली की सेल्फ लागतो. रिंग बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.