लेव्हल लाल दिव्यापर्यंत चढवायलाच हवी का?

‘सॅम्पल घेताना लाल दिवा लागेपर्यंत लेव्हल चढवा, नाहीतर आवाज कच्चा येतो,’ हा सल्ला कीबोर्डवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. (सॅम्पल म्हणजे कीबोर्डवर वाजवण्यासाठी रेकॉर्ड केलेला छोटा आवाज; लेव्हल म्हणजे त्या रेकॉर्डिंगची पातळी.) एके काळी त्यात तथ्य होतं. टेपला खरखर असायची, १९८०च्या दशकातले बरेच सॅम्पलर (सॅम्पल घेणारी यंत्रं) ८ किंवा १२ बिटचे, म्हणजे आवाज कमी बारकाईने मोजणारे. बारीक आवाज त्यात बुडायचा. शिवाय टेपवर लेव्हल जास्त झाली, तरी आवाज हळूहळू फाटायचा.

डिजिटलमध्ये शून्य डेसिबल म्हणजे छतच. वर गेलेली लहर सपाट कापली जाते. नंतर लेव्हल उतरवून ती परत मिळत नाही. त्या छतापासून खरखरीच्या तळापर्यंत एका बिटमागे साधारण ६ डेसिबल जागा मिळते, म्हणजे १६ बिटला सुमारे ९६. त्यातले १२ मोकळे सोडले तरी ८४ उरतात. घरातल्या पंख्याची घरघर त्या तळापेक्षा कितीतरी वर असते!

पटत नसेल तर तबल्याचा ‘ना’ दोनदा घ्या: एकदा दिवा चांगला लाल करून, एकदा उणे १२ डेसिबलच्या आसपास. दुसरा नॉर्मलाइझ करा (म्हणजे त्याचं शिखर छताला टेकेपर्यंत सगळा आवाज चढवा) आणि दोन्ही हेडफोनवर लागोपाठ ऐका. पहिल्यात बोलाची सुरुवात चिरकलेली वाटेल. नॉर्मलाइझ केल्यावर पंखाही तेवढाच चढतो. तो आधी बंद करा.