प्रदर्शनाचा ससा: जोडी लावण्यापासून टेबलापर्यंत

आमच्याकडून ससा नेणाऱ्या प्रत्येकाला हा कागद पिंजऱ्यासोबत देतो. कृपया घरी गेल्यावर नाही, निघण्याआधीच वाचा.

प्रदर्शनासाठी ससा हवा असला की पहिली चौकशी ब्रश आणि शाम्पूची होते. शाम्पूचा विषयच सोडा. सशाला आंघोळ घालत नाहीत. ओल्या अंगाने तो गारठतो, नुसत्या धसक्यानेही दगावतो. परीक्षक टेबलावर जे पाहतो, त्यातलं बरंचसं जोडी लावली तेव्हाच ठरलेलं असतं. उरलेलं आपला उन्हाळा ठरवतो.

मोठ्या कानांची मादी का दिली?

ही तक्रार नेदरलँड ड्वार्फ ही बुटक्या सशांची जात घेणाऱ्यांकडून नेहमी येते. अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशनच्या मानकानुसार हा ससा अडीच पौंड, म्हणजे साधारण १.१३ किलोच्या वर गेला की बाद. त्यामुळे गिऱ्हाईक नर-मादी दोन्ही चिमुकले, गोल डोक्याचे, आखूड कानांचे मागतं. पण बुटकेपणाचा जनुक आई-बाप दोघांकडून आला तर पिल्लू जगत नाही. असं पिल्लू जन्मतःच भावंडांच्या निम्म्याएवढं, डोकं फुगीर आणि मागचा भाग आकसलेला असतो. बहुतेक काही दिवसांतच मरतं. दोन खऱ्या ड्वार्फची जोडी लावली तर सरासरी चारात एक पिल्लू असं जाणार. तुमच्या देखभालीचा त्यात काही दोष नसतो.

म्हणून आम्ही नर अस्सल बुटका देतो आणि मादी त्याच रक्ताची, पण तो जनुक नसलेली. तिचे कान लांब, अंग जरा मोठं. प्रदर्शनात ती चालणार नाही, पण तिची निम्मी पिल्लं बुटकी निघतात, त्या जनुकापायी एकही मरत नाही आणि अंगाने मोठी असल्यामुळे वितानाही ती कमी अडते. आमच्या मते घरातला सगळ्यात कामाचा ससा म्हणजे हीच मादी.

डच जातीच्या सशाची गोष्ट निराळी. तिथे सगळा खेळ रंगाच्या आखणीचा: चेहऱ्यावरचा पांढरा पट्टा, पाठीवरची सरळ रेघ, मागच्या पायांत पांढरे मोजे. उत्तम जोडीच्या वेतातही नीट आखणीची पिल्लं थोडीच निघतात. बाकीची घरात पाळायला द्या, त्यांच्यात काही वाईट नसतं.

जात कुठलीही असो, आधी ओठ बाजूला करून दात पाहा. वरचे दात खालच्यांच्या किंचित पुढे हवेत. समोरासमोर टेकत असतील किंवा खालचे पुढे आले असतील तर तो ससा टेबलावर बाद, आणि जोडीलाही लावू नका. हा दोष पुष्कळदा पुढच्या पिढीत उतरतो. सख्ख्या भावंडांची जोडी आम्ही विकत नाही, आग्रह करू नये.

उन्हाळा

सशाला पंधरा ते वीस अंश मानवतं. तिशीच्या वर तो धापा टाकू लागतो. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली पिंजरा ठेवणं म्हणजे ससा गमावणंच. छपरावर पाचट टाका, बाजूला ओलं गोणपाट सोडा, बाटलीत पाणी गोठवून ती फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा. ससा आपणहून तिला टेकून बसतो.

नरावर उकाड्याचा परिणाम लगेच दिसत नाही. मे मध्ये तापलेला नर जुलैपर्यंत मादीवर चढेल, पण मादी गाभ धरणार नाही. म्हणून आम्ही जोड्या सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळातच लावतो. कॅलिफोर्नियन जातीचा ससा घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: त्याच्या नाक, कान आणि पायांचा काळा रंग थंडीत गडद होतो, उष्णतेत फिका पडतो. उन्हाळ्यात फिका दिसला म्हणून परत आणू नका, हिवाळ्याची लोकर येऊ द्या.

जोडी आणि वेत

लहान जातीची मादी सहा महिन्यांची, मोठ्या जातीची आठ महिन्यांची झाल्यावर लावा. सकाळी गारव्यात मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावं. उलट केलंत तर मादी आपल्या जागेसाठी नराला फाडते. काम झालं की नर कण्हून एका कुशीवर धाडकन पडतो. बघणारा घाबरतो, पण तीच खूण आहे.

वेत तीस ते बत्तीस दिवसांनी. अठ्ठाविसाव्या दिवशी पेटी ठेवा, आत वाळलेलं मऊ गवत. मादी स्वतःच्या पोटाची लोकर उपटून अंथरते. पिल्लं उघडी, आंधळी असतात, डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात. “आई पिल्लांजवळ बसतच नाही” असे फोन रात्री येतात. ती दिवसातून एकदा-दोनदा काही मिनिटंच पाजते, तेवढं पुरतं. सकाळी पेटीत हात घाला. पोटं गोल, ताणलेली असतील तर सगळं ठीक. सुरकुतलेली असतील तर मादीला पेटीत धरून पाजून घ्या. हात लावल्याने आई पिल्लं टाकत नाही. बाहेर जाळीवर पडलेलं पिल्लू मात्र ती तोंडात धरून परत नेत नाही. ते आपणच हातात ऊब देऊन आत ठेवायचं.

आठ आठवडे झाल्याशिवाय आम्ही पिल्लू देत नाही.

खाणं आणि औषध

पोट भरायचं ते गवताने: हरळी, मारवेल, वाळलेलं गवत दिवसभर समोर हवं. दात आयुष्यभर वाढतात, गवतानेच झिजतात. गोळी खाद्य रोज सशाच्या किलोभर वजनाला पंचवीस-तीस ग्रॅम. लसूणघास पाजणाऱ्या मादीला आणि वाढत्या पिल्लांना द्या, मोठ्या सशाला बेताने. त्यात कॅल्शियम फार, लघवी गढूळ होते, खडे होतात. सुबाभूळ, कोवळी ज्वारी, कांदा, चपाती, बिस्किटं नकोत.

बारा तास ससा खात नसेल, लेंड्या थांबल्या असतील, तर सकाळची वाट पाहू नका, डॉक्टर गाठा. कुत्र्याच्या पिसवांचा फिप्रोनिल असलेला स्प्रे सशाला मारतो. अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक तोंडाने कधीही देऊ नका. कानात तपकिरी खपली दिसली तर ती किडीची असते. इंजेक्शनने बरी होते, नखाने खरवडू नका.

ऊसतोडीत सापडलेलं रानसशाचं पिल्लू जोडीला लावता येईल का, असंही लोक विचारतात. नाही. ती जात वेगळी, पाळीव सशाशी तिचा संकर होत नाही. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार रानससा पाळणं गुन्हा आहे. पिल्लू जवळच्या बांधावर आडोशाला ठेवा, आई तिन्हीसांजेला येते.

ससा न्यायला सकाळी लवकर या. जाळीची टोपली आणा, पुठ्ठ्याचं खोकं नको. आमच्याकडचं थोडं खाद्य सोबत देतो. आठवडाभर ते तुमच्या खाद्यात मिसळत कमी करत न्या. वंशाचं कार्ड सांभाळून ठेवा, पुढची मादी निवडायला आलात की आम्ही आधी तेच मागतो.